टांझानियात गणित शिकवतेय, मुलांना इंग्रजी कळत नाही. काय करू?

नमस्कार मंडळी. जानेवारीपासून टांझानियात इरिंगाजवळच्या एका खेड्यात, माध्यमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून गणित शिकवते आहे. राहण्याखाण्याचं जमलं. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि घेवड्याची उसळ आता आवडायला लागलीय. चपातीला इथेही चपातीच म्हणतात, कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबारी. वेळेचा मात्र सुरुवातीला घोळ झाला. स्वाहिलीत सकाळचे सात म्हणजे ‘एक’ वाजले. आठ वाजता सभा म्हटल्यावर मी सकाळी आठला हजर, सभा दुपारी दोनची!

खरी अडचण वर्गात आहे. सरकारी प्राथमिक शाळेत सगळं स्वाहिलीतून, आणि फॉर्म वनला, म्हणजे साधारण आपल्या आठवीला, एकदम इंग्रजी माध्यम. माझ्या वर्गात ७२ मुलं आहेत. वर पत्रे, पाऊस आला की माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही जात नाही. मुलं फळ्यावरचं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतात, ‘समजलं का’ विचारलं की एका सुरात ‘येस मॅडम’. वह्या तपासल्या की पोटात गोळा येतो.

परवा दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश यांतला ‘ग्रेटर’ कोणता, असं विचारलं. वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “कुब्वा?” कुब्वा म्हणजे मोठा. मी मान डोलावली मात्र, तीस-चाळीस हात वर! म्हणजे मुलांना अपूर्णांक येत होते, अडला होता तो एक शब्द.

मी स्वतः दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. अकरावी सायन्सला पहिले दोन महिने काय सोसलंय ते अजून आठवतं, त्यामुळे या मुलांकडे बघून फार जीव तुटतो. पण इथले सहकारी सांगतात, स्वाहिलीची सवय लावू नका, फॉर्म टूच्या शेवटी देशपातळीवरची परीक्षा इंग्रजीतच द्यायची आहे. त्यांचंही चुकत नाही.

आपल्याकडे सेमी इंग्रजीला गणित शिकवणारे कुणी इथे असतील तर कृपया सांगा. संकल्पना आधी मुलांच्या भाषेत सांगून मग इंग्रजी शब्द देता, की दोन्ही बरोबरच? शाब्दिक उदाहरणं कशी वाचून घेता? आणि ‘येस मॅडम’च्या पलीकडे जाऊन कुणाला कळलं नाही हे एवढ्या मोठ्या वर्गात कसं ओळखता? माझी स्वाहिली अजून बाजारहाटापुरतीच आहे. गणिताला इथे ‘हिसाबाती’ म्हणतात, आपल्या हिशेबाचंच भावंड, असे ओळखीचे शब्द भेटले की धीर येतो. सध्या रोज पाच शब्द दोन्ही भाषांत कार्डशीटवर लिहून भिंतीला लावते.

प्रोजेक्टर नाही, वीज जाते-येते, त्यामुळे खडू-फळ्यावर होईल असंच सुचवा. सोमवारपासून बीजगणित सुरू करतेय, ‘एक्स’ म्हणजे काय इथूनच सुरुवात आहे.