जोतिबाला यावेळी चालत जायचंय, वाट सांगा

पायी_पायी:
नमस्कार मंडळी, जोतिबा आमचं कुलदैवत, पण दरवेळी गाडीनं वर, रांग, दर्शन आणि लगेच खाली. देवळाचं कोल्हापूरजवळचं वाडी रत्नागिरी गाव म्हणून कधी बघितलंच नाही. बाबा माघात खेट्याला, म्हणजे रविवारच्या पायी वारीला, अनवाणी जायचे, ते गेल्यापासून मनात आहे की एकदा त्यांच्या वाटेनं जावं. पुण्याहून येतोय, वाट कुठली?

पंचगंगाकाठ:
दादा, नक्की या. पंचगंगा घाटावर आंघोळ करायची, पहाटे निघायचं, वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखाजवळनं डोंगर चढायचा. माघातल्या रविवारी आलात तर वाट विचारावी लागत नाही, अंधारातच पुढनं मागनं चांगभलं ऐकू येतं आणि पाय आपोआप उचलतात. देव हिमालयाकडं परत निघाला तेव्हा अंबाबाई त्याला थांबवायला चालत गेली, म्हणून हे खेटे, असं आमची आजी सांगायची. अनवाणी सवय नसेल तर चप्पल घाला, देव काय रागवत नाही. शेवटचा चढ दमवतो, पाणी जवळ ठेवा.

दगडवेडा:
वर पोचल्यावर घाई करू नका एवढंच सांगेन. आत्ताचं मुख्य देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलं, शेजारचं केदारेश्वराचं १८०८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी, आणि केदारेश्वरापुढं काळ्या दगडाचे दोन नंदी आहेत. बहुतेक महादेवाच्या देवळांत एकच नंदी असतो ना, मग तिथं जरा बसा. दगडाच्या खाचाखाचांत गुलाल असा मुरलाय की हात फिरवला की बोटं गुलाबी होतात. नंतर जरा खाली यमाई देवीच्या देवळाला चालत जा, चैत्र पौर्णिमेला पालखी तिकडंच जाते. त्या यात्रेत सासनकाठ्या (देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या), दवणा, खोबरं, गुलाल सगळं डोळे भरून दिसतं पण गाव बघायला जागाच उरत नाही, त्यामुळं गाव बघायचं असेल तर रविवार आणि पौर्णिमा सोडून या.

पायी_पायी:
खूप आभार दोघांचे. मग दोनदा येतो, माघातल्या रविवारी खेट्याला आणि नंतर एखाद्या मंगळवार-बुधवारी आईला घेऊन, ती गाडीनं वर येईल, मी गायमुखावरून. यमाईपर्यंत तिला चालवेल का? गुडघे दुखतात.

पंचगंगाकाठ:
उतरताना हात धरा, येताना सावकाश. उन्हाच्या आत आणा काकूंना.