मदत हवी आहे: भेट मिळालेल्या व्हाइट सेजच्या जुडीचे काय करावे?

आम्ही सॅन डिएगोत राहतो. गेल्या महिन्यात नव्या घरात आलो तेव्हा ऑफिसातल्या एका मैत्रिणीने वाळलेल्या व्हाइट सेजची (ही एक सुगंधी पानांची वनस्पती), दोऱ्याने घट्ट बांधलेली वीतभर जुडी भेट दिली आणि तिचे टोक पेटवून, ज्योत विझवून, तो धूर सगळ्या खोल्यांतून फिरवला की वास्तू शुद्ध होते, असे सांगितले. सध्या सासूबाई आमच्याकडे आल्या आहेत. तिन्हीसांजेला निखाऱ्यांवर ऊद आणि गुग्गुळ घालून धुपाटणे घरभर फिरवण्यात त्यांचा जन्म गेला असल्यामुळे ही कल्पना त्यांना लगेच पटली, आणि वास्तुशांतीच्या दिवशीच ही धुरीही करावी, असा त्यांचा आग्रह आहे.

माझ्या धाकट्या मुलाला दमा आहे, ही पहिली अडचण.

दुसरी अडचण मला अधिक छळते. ही वनस्पती रानात उगवते ती केवळ दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात. कुमेयाय, काहुइया, चुमाश अशा इथल्या मूळ रहिवाशांसाठी ती अन्न, औषध आणि प्रार्थना या तिन्ही ठिकाणी लागणारी वस्तू आहे. १८८३ पासून सरकारी नियमांनी मूळ रहिवाशांच्या धार्मिक विधींवर बंदी घातली होती आणि त्या विधींना संरक्षण देणारा कायदा थेट १९७८ साली झाला. आज मात्र तीच पाने कोणत्याही भेटवस्तूंच्या दुकानात मिळतात. त्यांतली पुष्कळशी रानातून चोरून तोडलेली असतात. २०१८ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्याच नॉर्थ एटिवांडाच्या संरक्षित क्षेत्रात सुमारे ४०० पौंड पाल्यासह चार जणांना पकडले होते. आमच्या जुडीवर ती कोठून आली याचा काहीच उल्लेख नाही. मैत्रिणीला न दुखवता आणि सासूबाईंचा मान राखून मी काय करावे?

प्रतिसाद:

दम्याच्या मुलासमोर काहीही जाळू नका. उदाचा धूरही त्यातच आला, आणि हे सासूबाईंना पटवणे सेज नाकारण्यापेक्षा अवघड जाईल, याची तयारी ठेवा. वास्तुशांतीचा होम अंगणात करून मुलाला तेवढा वेळ शेजारी पाठवता येईल.

जुडी परत करू नका. पेटवली नाही तरी पाने चुरगळल्यावर कापूर आणि निलगिरीसारखा वास येतो, कारण त्यांत कापूर आणि सिनिओल ही दोन्ही द्रव्ये असतात. तेव्हा ती देवघराजवळ तशीच ठेवा. मात्र पुढे कधी हवी वाटली तर विकत न घेता स्थानिक झाडांच्या नर्सरीतून रोप आणून लावा. भरपूर ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा एवढेच त्याला लागते. सेज तुळशीच्याच कुळातला असला तरी सासूबाईंना त्याला रोज सकाळी पाणी घालू देऊ नका, मुळे कुजतील.