डिक्री हातात आहे पण पैसे नाहीत, आता पुढे काय?

लालबागकर:
नमस्कार मंडळी, बाबांनी एका कॉन्ट्रॅक्टरवर पैशांचा दावा लावला होता, सिटी सिव्हिल कोर्टात 2019 ला निकाल आमच्या बाजूने लागला, व्याजासकट रक्कम द्या असा हुकूम, म्हणजे डिक्री झाली. अजून एक रुपया आलेला नाही. तो माणूस आता ठाण्यात राहतो, नवी गाडी घेतलीये आणि फोन केला की म्हणतो अपील टाकलंय, काय करायचं ते करा. शेजारचे काका म्हणतात तीन वर्षं उलटली, आता तो कागद रद्दीत. खरंय का हे? आणि हुकूम कोर्टाचा आहे तर वसुली पण कोर्टच करणार ना? की पोलिसात जायचं?

फोर्टचा_वकील:
काकांचं ऐकू नका. पैशाच्या डिक्रीची मुदत 12 वर्षं. तीन वर्षांची मुदत असते ती अमुक गोष्ट करून द्या अशा हुकमाची (मँडेटरी इंजंक्शन), बहुतेक तेच डोक्यात असेल त्यांच्या. पोलिसांचा इथे संबंध नाही. आणि कोर्ट आपणहून काहीच करत नाही, तुम्हाला दरखास्त लावावी लागते, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज. दोन वर्षं उलटून गेलीत म्हणून त्याला आधी नोटीस निघेल, त्यात थोडा वेळ जातो. अपीलाचं म्हणाल तर नुसतं अपील टाकून डिक्री थांबत नाही, स्टे म्हणजे स्थगिती लागते, आणि पैशाच्या डिक्रीत कोर्ट शक्यतो रक्कम भरायला लावूनच स्टे देतं. त्याला स्टेची ऑर्डर दाखव म्हणा.

दादरची_ताई:
आमच्या दरखास्तीत सगळ्यात जास्त वेळ कशात गेला तर जप्त काय करायचं ते शोधण्यात, कारण बेलिफ, म्हणजे जप्तीला येणारा कोर्टाचा माणूस, काही डिटेक्टिव्ह नाही, बँकेचं नाव, फ्लॅटचा पत्ता, गाडीचा नंबर सगळं आपणच द्यायचं. माहिती नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) ऑर्डर 21 नियम 41 खाली अर्ज करा, त्याला मालमत्तेचं ॲफिडेव्हिट द्यावं लागतं, नाही दिलं तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. आणि घरातलं सगळं उचलता येत नाही हां, कपडे, स्वयंपाकाची भांडी, मंगळसूत्र, पीएफ याला हात लागत नाही. गाडी मात्र जप्त होते 😄

लालबागकर:
ताई, गाडीचा नंबर आहे माझ्याकडे! पण त्याला थेट आतच टाकता येणार नाही का?

फोर्टचा_वकील:
येतं पण सहजासहजी नाही. ऐपत असून बुडवतोय हे तुम्हाला दाखवावं लागतं, खरंच कफल्लक असेल तर कोर्ट आत टाकत नाही. आणि आत गेला तर त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता तुम्हीच भरायचा! म्हणून आधी बँक खातं आणि गाडी. मात्र फ्लॅट, गाडी ठाण्यात म्हणजे मुंबईच्या कोर्टाच्या हद्दीबाहेर, त्यासाठी सीपीसीच्या कलम 39 खाली डिक्री ठाण्याच्या कोर्टाकडे ट्रान्सफर करून घ्या, जप्ती तिथून होईल. डिक्रीची सर्टिफाइड कॉपी आजच अर्ज करून मागवा, तिच्याशिवाय पुढचं काम अडू शकतं. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये सांगितलंय की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, प्रत्यक्षात तारखा पडतातच, पण वकिलाला तो निकाल पुढे करायला सांगा.

लालबागकर:
बाबांचं वय 74 आहे, दर तारखेला त्यांनीच जायचं का?

दादरची_ताई:
नाही हो, वकीलपत्र दिलं की वकील जातो. कोर्टाने बोलावलं तरच जायचं.