मदत हवी आहे: जीपचं इंजिन बदललंय, क्लच प्लेट कुठली घेऊ? (सोलापूर)

माळढोक नान्नज
जीपला दुसरं इंजिन टाकलंय, गिअरबॉक्स जुनाच ठेवलाय. क्लच प्लेट कुठली घ्यायची ते पटकन सांगा. दुकानदार दोन प्लेटी दाखवायलाय, एक इंजिनाची न् एक गिअरबॉक्सची. दोन्हींतली एक पण धड बसंना. रविवारी पाहुणे हुरड्याला येणारेत, शेतापर्यंतचा रस्ता जीपशिवाय जमत नाही. लै अर्जंट.

स्पॅनर पुणे
कोणती जीप, कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स? प्रश्नात यातलं एकही नाही.

माळढोक नान्नज
जीप म्हणजे महिंद्राची ओ, एमएम ५४०. अजून कुठली असती?

स्पॅनर पुणे
आणि इंजिन?

होटगी रोड
त्या इंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्स का नाही घेतला? पाच गिअरचा बॉक्स टाका, प्लेटचा प्रश्नच मिटतो. माझ्या भावानं तसंच केलं, हायवेला आवाज निम्मा झाला.

माळढोक नान्नज
क्वालिसचं डिझेल इंजिन आहे. स्क्रॅपमधून इंजिनच मिळालं, बॉक्स आधीच विकला गेलेला. आणि पाच गिअरचा बॉक्स टाकला तर फोर बाय फोरचं काय करू? शेतात फोर बाय फोरच लागतो. मी बॉक्स विचारलाच नाही, प्लेट विचारली.

बार्शी लाईट
टोयोटाचं २एल मॉडेल, २४४६ सीसी. इंजिन दणकट आहे, हयगय केली तरी चालतं. जीपचं मूळचं प्यूजो होतं ना, २११२ सीसीचं? म्हणजे दम वाढला. आता प्लेटीचं सोपं आहे. प्लेटीचा घेर, म्हणजे व्यास, इंजिनाकडून ठरतो, कारण ती फ्लायव्हील (इंजिनाच्या मागचं जड चाक) आणि प्रेशर प्लेट (स्प्रिंगनं दाबणारी चकती) यांच्या मधे दाबली जाते. मधल्या हबचे दाते गिअरबॉक्सकडून ठरतात, कारण प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकते. म्हणून तुमच्या दोन्ही प्लेटी अर्ध्या अर्ध्या बरोबर आहेत. शाफ्टचे दाते मोजा आणि दोन्ही प्लेटींचा घेर मिलिमीटरमध्ये टाका.

अक्कलकोट नाका
सिरॅमिक प्लेट टाका अण्णा, रॅलीवाले तीच वापरतात. आयुष्यात जळणार नाही.

बार्शी लाईट
सिरॅमिक एकदम पकडते. हुरड्याच्या पाहुण्यांना मागं बसवून पहिल्या गिअरला सोडा, निम्मे पाहुणे बांधावर उतरतील. शेतातल्या गाडीला साधी ऑर्गॅनिक लायनिंगची (घर्षणाच्या थराची) प्लेटच बरी.

माळढोक नान्नज
मोजलं. जीपच्या शाफ्टला १० दाते, जाडजाड. क्वालिसच्या प्लेटीला २१, बारीक. क्वालिसच्या प्लेटीचा घेर २२५, जीपच्या प्लेटीचा २१६.

स्पॅनर पुणे
मग २१६ ची जीपचीच प्लेट क्वालिसच्या प्रेशर प्लेटखाली घाला की. लोक उगाच घाबरतात. दाब तोच राहिला तर क्लचची ताकद लायनिंगच्या सरासरी त्रिज्येवर ठरते. २२५ च्या प्लेटीचा आतला घेर १५० धरला आणि २१६ चा १४६, तर त्रिज्या साधारण ९४ आणि ९०.५ येते. फरक तीन-चार टक्क्यांचा. दोन्ही इंजिनं नैसर्गिक हवेवरची, टर्बो नाही. मला काही अडचण दिसत नाही.

बार्शी लाईट
कागदावर ठीक आहे. पण प्लेटीची जाडी कोण बघणार? क्वालिसचा डायफ्राम, म्हणजे प्रेशर प्लेटची चकतीसारखी स्प्रिंग, ठरावीक जाडीच्या प्लेटीवर ठरावीक कोनात बसतो. पातळ प्लेट घातली की दाब बदलतो, स्प्रिंगची बोटं (आतल्या पट्ट्या) त्यांना दाबणाऱ्या बेअरिंगकडं पुढं येतात आणि पॅडलचं सगळं गणित चुकतं.

स्पॅनर पुणे
जाडी मोजायला व्हर्निअर लागतो, पदवी नाही. प्लेट दाबून धरून मोजा, नुसती हातात धरून नाही. लायनिंगच्या मधली स्प्रिंग पत्ती फसवते.

माळढोक नान्नज
भांडू नका ओ. जीपची प्लेट बसवून बघितलीय आधीच. दाते बसतात, पण हबच्या स्प्रिंगांचा पिंजरा फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांवर घासतो. हातानं फिरवलं तरी कर्र कर्र करतो. मेस्त्री म्हणायलाय की डोकी ग्राइंडरनं थोडी तासू.

बार्शी लाईट
अजिबात तासू नका!! फ्लायव्हीलचे बोल्ट आहेत ते. एक तुटला की क्लच पायापाशी येईल. प्लेट उलटी तर घातली नव्हती ना? बहुतेक प्लेटींवर फ्लायव्हीलकडची बाजू लिहिलेली असते. हबची लांब बाजू सहसा गिअरबॉक्सकडं येते.

माळढोक नान्नज
सुलटीच होती. बाजू बघून घातली.

वकीलसाहेब
सर्व तांत्रिक चर्चा उत्तम. पण आरसीवर नवा इंजिन क्रमांक नोंदवला आहे का? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचावे. इंजिन बदलून नोंद केली नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करायला मोकळी. एमएच १३ च्या कार्यालयात जाऊन आधी माहिती घ्या.

माळढोक नान्नज
साहेब, गाडी अजून गॅरेजच्या बाहेर निघाली नाही. आरटीओपर्यंत तरी कशी नेऊ?

वकीलसाहेब
टोइंगने.

होटगी रोड
😂 हुरडा नान्नजचा का मंगळवेढ्याकडचा? ज्वारी कुठली लावली? आमच्याकडं यंदा चिमण्यांनी अर्धी कणसं खाल्ली.

माळढोक नान्नज
घरचाच, गूळभेंडी. सोबत शेंगाचटणी, दही. गाडी झाली तर तुम्ही पण या. आता प्लेटीचं सांगा.

जुना फिटर
गिरणीत फिटर होतो, त्यामुळं थोडं लांबण लावतो. प्लेटीचा उपाय साधा आहे. क्वालिसची २२५ ची प्लेट घ्यायची, तिचा २१ दात्यांचा हब काढायचा आणि तिथं तुमच्या १० दात्यांचा हब रिव्हेट करायचा. क्लच लायनिंगचं काम करणारे हे रोज करतात. प्लेट बोल्टांवर घासणार नाही, कारण तुम्ही निवडलेला हब त्या उंचीचा असेल. हब बसवून झाला की शाफ्टवर चढवून कडेला डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावायचा आणि प्लेट वाकडी फिरते का ते बघायचं.

स्पॅनर पुणे
रिव्हेट केलेला हब? माझ्या ओळखीच्या एका ट्रकमध्ये असाच हब सुटला आणि स्प्रिंगांनी बेल हाऊसिंगला (क्लचवरच्या कवचाला) भोक पाडलं. तयार प्लेट शोधा. कॅटलॉगमध्ये २२५ आणि १० दाते असं जोडकाम मिळू शकतं. फक्त दात्यांची संख्या बघू नका, शाफ्टचा बाहेरचा व्यास आणि दात्याची रुंदीही द्या. १० दात्यांचे शाफ्ट एकापेक्षा जास्त मापांत येतात.

जुना फिटर
हब आपोआप सुटत नाही. शाफ्ट आणि क्रँक (इंजिनाचा फिरता दांडा) एका रेषेत नसले की प्रत्येक फेऱ्याला हब वाकतो, मग रिव्हेट ढिले होतात. ट्रकवाल्यानं प्लेट बदलली, रेषा बघितली नसणार. म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. माळढोक, टोयोटाच्या इंजिनाला जीपचं बेल हाऊसिंग सरळ बसत नाही. मधे काय घातलंय?

माळढोक नान्नज
लेथवाल्यानं २० मिलिमीटरची लोखंडी प्लेट करून दिली. एकदम मजबूत आहे.

जुना फिटर
हे सुरुवातीला सांगायला पाहिजे होतं. त्या २० मिलिमीटरनं तुमचा शाफ्ट २० मिलिमीटर मागं गेला. शाफ्टचं पुढचं टोक क्रँकच्या पायलट बुशमध्ये (टोकाला आधार देणाऱ्या कड्यात) बसतंय का?

माळढोक नान्नज
बुश कुठला? क्रँकमध्ये टोयोटाचं छोटं बेअरिंग होतं. मेस्त्रीनं काढून ठेवलंय, टोक त्यात जात नव्हतं म्हणाला.

बार्शी लाईट
🙏🙏

जुना फिटर
आता प्लेट बाजूला ठेवा, तीन मापं घ्या. पहिलं, बेल हाऊसिंगच्या फेसपासून शाफ्टचं टोक किती बाहेर येतं. दुसरं, ब्लॉकच्या मागच्या फेसपासून क्रँकमधल्या भोकाचं तोंड किती आत आहे. तिसरं, शाफ्टच्या टोकाचा व्यास आणि क्रँकच्या भोकाचा व्यास. सरळपट्टी फेसवर आडवी धरून व्हर्निअरची मागची दांडी आत सोडा.

माळढोक नान्नज
टोक २२ बाहेर. भोक ५ आत. व्यास मेस्त्री संध्याकाळी देतो म्हणाला.

जुना फिटर
२२ मधून २० गेले, राहिले २. भोक ५ आत. म्हणजे टोक ३ मिलिमीटर अलीकडंच हवेत लटकतंय. अशा गाडीत जगातली कुठलीही प्लेट घातली तरी क्लच दाबल्यावर शाफ्ट फिरत राहणार, गिअर करकरणार, वर हबचे दाते खाल्ले जाणार. टप्प्याचा बुश करून घ्या, गनमेटलचा. मागचा टप्पा क्रँकमध्ये घट्ट, पुढचा गिअरबॉक्सकडं बाहेर आलेला, म्हणजे टोक निदान १२ ते १५ मिलिमीटर आत बसेल. त्यासाठी बुश १५ ते १८ बाहेर काढावा लागेल. फ्लायव्हीलच्या मधल्या भोकातून तो जातो का आणि प्लेटीच्या हबला लागत नाही ना, ते बघा. आणि अडॅप्टर प्लेटीचं, म्हणजे त्या २० मिलिमीटरच्या प्लेटीचं, मधलं भोक क्रँकशी एका रेषेत आहे का, ते क्रँकवर डायल लावून फिरवून बघा. लेथवाल्यानं नुसती बोल्टांची भोकं जुळवून दिली असतील तर डॉवेल पिना (जागा पक्की धरणाऱ्या) नक्की नसतील.

माळढोक नान्नज
पिना नाहीत. हे सगळं गॅरेजवाला कुणी बोलला नव्हता.

स्पॅनर पुणे
फिटरकाका बरोबर आहेत. तरी मी तयार प्लेटच शोधेन.

जुना फिटर
शोधा ना. मिळाली तर मलाही आनंदच आहे.

अक्कलकोट नाका
सिरॅमिकमध्ये १० दात्यांची मिळेल.

माळढोक नान्नज
बुश करायला टाकतो, पिनांसाठी अडॅप्टर परत लेथला. क्लच दुकानात नक्की काय काय घेऊन जाऊ?

जुना फिटर
शाफ्ट काढता येणार नसेल तर तुमची जीपची जुनी प्लेट न्या, तिचे दाते हेच तुमचं माप. सोबत क्वालिसची प्रेशर प्लेट न्या. फ्लायव्हील जड आहे, पण तेही न्या. फेस कटलेला असेल तर तिथंच घासून घ्या आणि प्लेट तिथंच टेबलावर ठेवून बोल्टांना लागते का बघा. रिलीज बेअरिंग (पॅडल दाबल्यावर बोटं ढकलणारं) क्वालिसच्या बोटांना बसणारं आणि जीपच्या नळीवर सरकणारं पाहिजे. जीपचं जुनं बेअरिंग तीन लिव्हरच्या प्रेशर प्लेटसाठी आहे का?

माळढोक नान्नज
हो, तीन लिव्हरचं. आणि बेअरिंग ढकलणारा फोर्क दांडीवर चालतो, हायड्रोलिक नाही.

बार्शी लाईट
मग फोर्कचा प्रवास पण मोजावा लागणार. पाहुण्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत न्या.

माळढोक नान्नज
ट्रॉलीचं बघतो. फोर्कची मापं रात्री टाकतो.