प्रोजेक्टरआधी छतातली केबल बघा
एक सल्ला वाचला की 2010 च्या सुमाराच्या, घराच्या तळघरातल्या थिएटरमध्ये जुने स्पीकर ठेवावेत, फक्त रिसीव्हर (स्पीकरना आवाज आणि प्रोजेक्टरला चित्र पुरवणारा डबा) आणि प्रोजेक्टर बदलावा. स्पीकरबद्दल शंभर टक्के सहमत. चांगले स्पीकर इतक्यात म्हातारे होत नाहीत. पण रिसीव्हरकडून प्रोजेक्टरला चित्र नेणाऱ्या, छतातून गेलेल्या एचडीएमआय केबलचं काय? त्या काळच्या केबल साधारण सेकंदाला 10.2 गिगाबिट डेटाच्या हिशोबाने बनलेल्या. 4के एचडीआरला (जास्त बारकावे आणि जास्त उजळ-गडद छटांचं चित्र) सेकंदाला 60 फ्रेमवर 18 गिगाबिटपर्यंत लागतात. गंमत म्हणजे सिनेमे 24 फ्रेमचे, त्यामुळे ते बहुधा निभावून जातात. 60 फ्रेमची मॅच किंवा गेम लावला की पडदा काळा, आणि शिव्या खातो बिचारा नवा प्रोजेक्टर.

आमच्याकडे ड्रॉप सीलिंग (सुट्या फरशांचं टांगतं छत) होतं म्हणून फरशा उचलून नवी ऑप्टिकल, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने सिग्नल नेणारी, एचडीएमआय केबल टाकता आली. ड्रायवॉलचं (जिप्सम बोर्डाचं) बंद छत असेल तर आधी केबलसाठी पाइप आहे का बघा. जुनी केबल जॉइस्टला (छताच्या तुळईला) स्टेपल केलेली असली तर ती ओढून नवी येणार नाही. ऑप्टिकल केबलला दिशा असते, ‘सोर्स’ लिहिलेलं टोक रिसीव्हरकडेच हवं. छत बंद करण्याआधी जोडून, 60 फ्रेमवर चालवून बघा.