'फोरगॉन': इन फ्लेम्स घरी परतले की दारातून डोकावून गेले?

खर्जातला

स्वीडिश मेटल बँड इन फ्लेम्सचा चौदावा अल्बम 'फोरगॉन' फेब्रुवारी २०२३मध्ये आला, तेव्हापासून जो तो सांगतोय की बँड मुळांकडे परतला. पहिल्या दोन-तीन वेळा ऐकताना मीही हेच म्हणत होतो. आता अल्बम पाठ झालाय आणि मत फिरलंय. परत आला आहे तो वेग. वेगालाच मुळं समजायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

माझा मुद्दा एवढाच आहे की सूर राहतो कुठे. 'द जेस्टर रेस' (१९९६) लावा आणि गायक फ्रिडेनचा आवाज मनातल्या मनात पुसून टाका. गाणं तरीही उभं राहतं. दोन गिटारी आयर्न मेडनसारख्या एकमेकींच्या वरखाली जोडीनं चालतात, पण तारा पार खालच्या सी स्वरापर्यंत उतरवलेल्या, आणि मध्येच एखादं वळण स्वीडिश लोकधुनेचं वाटावं असं. अल्बम संपल्यावर आपण गुणगुणतो ते गिटारचं. गळ्याकडे काम फक्त खरखरीचं, एका अर्थानं ते तालवाद्यच. या संगीतप्रकाराच्या 'मेलोडिक डेथ' या नावातलं 'मेलोडिक' तारांत होतं आणि 'डेथ' घशात.

आता हाच प्रयोग 'रीरूट टू रिमेन'वर (२००२) करा. कोरस आला की गिटारी खाली बसतात, जाड भिंत होतात, आणि सूर फ्रिडेनच्या गळ्यात जातो. आवाज पुसला तर हाताला लागतं ते साथसंगतीचं रेकॉर्डिंग.

'फोरगॉन'वरही तेच आहे. 'स्टेट ऑफ स्लो डिके' सुरू होतं तेव्हा अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. गिटारिस्ट ख्रिस ब्रॉडरिक मेगाडेथ बँडमधून आलेला, त्याचा हात चालतो यात शंका नाही. पण कोरस येताच गिटारी शहाण्या मुलांसारख्या गप्प. 'मीट युअर मेकर'मध्ये तेच, 'ब्लीडिंग आउट'मध्ये तेच. कडव्याला १९९६, ध्रुवपदाला २००२.

अल्बम वाईट आहे असं मी म्हणत नाही. 'सायरन चार्म्स'नंतरचा (२०१४) सगळ्यात चांगला आहे. फक्त 'परतला' म्हणू नका.

जुनी कॅसेट

शंभर टक्के सहमत, पण मुख्य आरोपीचं नावच घेतलं नाहीत तुम्ही. हॉवर्ड बेन्सन! माय केमिकल रोमान्स आणि हूबास्टँकचे अल्बम करणारा निर्माता. 'बॅटल्स' (२०१६), 'आय, द मास्क' (२०१९) आणि हा, सलग तीन अल्बम त्याच्याकडे. त्याला गाण्यात आधी कोरस दिसतो, बाकीचं त्याच्याभोवती रचायचं. गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये फ्रेड्रिक नॉर्डस्ट्रॉमच्या हाताखाली झालेलं 'क्लेमॅन' (२०००) ऐका आणि मग हे. फ्रेडमनमध्ये गिटारला धार होती, इथं पॉलिश आहे.

डबलबास

खर्जातला, लिहिलंय छान, पण २००२चा खांब चुकीच्या जागी रोवलाय तुम्ही. आणि कॅसेटराव, 'रीरूट'च्या वेळी बेन्सन कुठे होता? तो अल्बम डॅनियल बर्गस्ट्रांडनं केला, स्वीडनमध्येच. म्हणजे गुन्हा घडला तेव्हा तुमचा आरोपी तिथं नव्हताच.

जरा मागे जाऊ. 'व्होरॅकल'वर (१९९७) यांनी कोणाचं गाणं घेतलं होतं? डेपेश मोडचं 'एव्हरीथिंग काउंट्स'. ज्या काळाला तुम्ही सोन्याचा म्हणता, त्याच काळात हा बँड ब्रिटिश सिंथ-पॉप वाजवत होता. 'क्लेमॅन'वरचं 'ओन्ली फॉर द वीक' घ्या. कीबोर्डची धून, उड्या मारायला लावणारा ताल आणि सगळ्या गर्दीला एकत्र म्हणता येईल असा कोरस. सूर गळ्याकडे सरकायला तिथंच सुरुवात झाली, आणि तेही स्टुडिओ फ्रेडमनमध्ये, तुमच्या लाडक्या नॉर्डस्ट्रॉमच्या देखत.

दुसरं म्हणजे परतायचं कोणी? येस्पर स्ट्रॉमब्लाडनं हा बँड १९९०मध्ये काढला, तो २०१०मध्ये गेला. ड्रमर डॅनियल स्वेन्सन २०१५ला, बास वाजवणारा पीटर इव्हर्स त्याच्या पुढच्या वर्षी. राहिले फ्रिडेन आणि गेलॉट. गेलॉट तर 'जेस्टर रेस'वर ड्रम वाजवत होता! बँडमध्ये त्याच्या हाती गिटार आली 'कॉलनी'पासून (१९९९). ज्या जोडगिटारींसाठी तुम्ही गळे काढताय, त्या वाजवणारं आता बँडमध्ये कोणी नाही. मग परतण्याची अपेक्षा कोणाकडून?

मी 'कम क्लॅरिटी'वरून (२००६) आत आलो. माझ्यासाठी इन फ्लेम्स म्हणजेच गुरगुरतं कडवं आणि गाणारा कोरस. 'फोरगॉन' माझ्या मुळांकडे अगदी व्यवस्थित परतलाय.

आगंतुक

इतका वेळ वाचतोय. मला दोन्ही काळातलं भुंकणं सारखंच वाटतं. पण गिटार गुणगुणायची ही कल्पना आवडली. सुरुवात कुठून करू?

खर्जातला

@आगंतुक, 'जेस्टर रेस'वरचं 'मूनशील्ड'. सुरुवातीची अकूस्टिक गिटार ऐका, भुंकणं यायला वेळ आहे. मग 'फोरगॉन'चा पहिला तुकडा लावा, तोही अकूस्टिक. ओळखीचा वास येईल. माणसं फसतात ती तिथंच.

तिसरी घंटा

ज्यांना जुनं हवंय त्यांच्यासाठी दुकान शेजारीच उघडलंय की. द हॅलो इफेक्ट नावाचा बँड. येस्पर, निक्लास एंगेलिन, इव्हर्स, स्वेन्सन आणि गायला मिकाएल स्टॅने, पाचही जण कधी ना कधी इन फ्लेम्समध्ये वाजवलेले किंवा गायलेले. स्टॅनेचा आवाज तर 'लूनर स्ट्रेन'वरच (१९९४) आहे. त्यांचं 'डेज ऑफ द लॉस्ट' 'फोरगॉन'च्या सहाच महिने आधी आलं. जोडगिटारी आहेत, सूर तारांत आहे, खर्जातलांची सगळी कलमं पूर्ण.

आणि मला कंटाळा आला. कुठेच धक्का बसत नाही. पुढचा स्वर कोणता येणार ते आधीच कळतं आणि तोच येतो. त्यापेक्षा 'फोरगॉन' चार ठिकाणी चिडवतो तरी.

शिवाय एक प्रश्न. स्टॅनेनं त्याच्या डार्क ट्रँक्विलिटी या बँडच्या 'प्रोजेक्टर'वर (१९९९) स्वच्छ गळ्यानं गायला सुरुवात केली, 'रीरूट'च्या तीन वर्षं आधी. त्यांच्या नावानं कोणी बोटं मोडत नाही. शिव्या खायला फ्रिडेनच का?

खर्जातला

घंटाताई, प्रश्न नेमका आहे. स्टॅने गातो तेव्हा तो खर्जातला भरीव आवाज असतो आणि गुरगुरतो तेव्हा आतड्यातून. दोन खोल्या, मध्ये पक्की भिंत. फ्रिडेननं भिंतच पाडली. गुरगुर वर चढून किंचाळी झाली, गाणं नाकात गेलं, आणि बऱ्याच वेळा तो या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लटकतो. 'प्युअर लाइट ऑफ माइंड'सारख्या संथ गाण्यात हे उघडं पडतं. हा माझ्या कानाचा दोष असू शकतो, पण तो वीस वर्षं टिकलाय.

डबलबास, डेपेश मोडचा मुद्दा मान्य. पण ते दुसऱ्याचं गाणं होतं, पाहुणा म्हणून आलेलं. 'रीरूट'मध्ये पाहुण्याच्या नावावर घर झालं.

जुनी कॅसेट

२०२०मध्ये 'क्लेमॅन'ला वीस वर्षं झाली म्हणून त्यातली काही गाणी परत रेकॉर्ड केली त्यांनी. 'ओन्ली फॉर द वीक'चं जे केलंय ते ऐकवत नाही. स्वतःच्याच भिंतीवर डिस्टेंपर!

डबलबास

आणि 'कॉलनी'वर 'बिहाइंड स्पेस ९९' होतं ते काय? पहिल्या अल्बमवर स्टॅनेनं गायलेलं गाणं फ्रिडेनला देऊन पुन्हा केलं होतं. तेव्हा डिस्टेंपर चालला?

जुनी कॅसेट

तो चुना होता. चुना चालतो.

तिसरी घंटा

😂 कॅसेटराव, हरलात.

बरं, खर्जातला, 'फोरगॉन, भाग १' तुमच्या आवाज-पुसा परीक्षेत बसवून पाहिलंत का? ब्लास्ट बीट्सवर, म्हणजे ड्रमच्या त्या अतिवेगवान माऱ्यावर, वरची गिटार काय करते ते ऐका. आणि लगेच पाठोपाठ भाग २ येतो, संथ, गाणारा. नाव एकच आणि अर्धं अर्धं वाटून घेतलेलं. मला तर वाटतं तुमचा हा वाद त्यांनी अल्बमच्या मध्यभागी स्वतःच मांडून ठेवलाय.

डबलबास

+१. मला भाग २ जास्त आवडतो, हे वेगळं सांगायला नको.

खर्जातला

आत्ताच दोनदा ऐकलं, डोळे मिटून. भाग १मध्ये फ्रिडेन पुसला तरी गाणं उरतं. गिटार शेवटपर्यंत खाली बसत नाही.

ठीक आहे, बारापैकी एक. बाकीच्या अकरांवर मी ठाम आहे. 'द ग्रेट डिसीव्हर' उद्या परत ऐकेन, तोवर त्यावर कोणी काही बोलू नका.

आगंतुक

'मूनशील्ड' ऐकलं. भुंकणं आलं तेव्हा बंद करणार होतो, पण मागे गिटार चालूच होती म्हणून थांबलो. पुढचं कोणतं?