दीड एकर पोराच्या हवाली केलं, चुकलो का?

कांदेबाग (रावेर):
बारावीनंतर पोरगा शेतात यायचा, पण ओढून आणल्यासारखा. "पाणी सोड" म्हटलं की सोडायचा, "ठिबकचा वॉल बदल" म्हटलं की बदलायचा. बाकी डोकं माझंच. गेल्या जूनमध्ये वैतागून दीड एकर मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावायची केळी, त्याला तोडून दिली. रोप कोणतं, अंतर किती, ठिबकमधून खत कधी, सगळं त्यानं ठरवायचं. मी पाच बाय पाच फूट म्हणत होतो, त्यानं सहा बाय पाचवर लावली. मला अजूनही पटलेलं नाही, ते सोडा. पण तोच पोरगा आता रात्रीची लाईट आली की कोणी न उठवता मोटर चालू करायला जातो. पोरं आळशी नसतात, आपण त्यांना काही ठरवूच देत नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी स्वायत्तता ही माणसाची मूलभूत मानसिक गरज मानली, क्षमता आणि आपुलकीच्या बरोबरीची.

सातबारा (यावल):
काय सांगून राहिले भाऊ! उतारा कोणाच्या नावावर? सोसायटीचं कर्ज कोणाच्या? वादळात बाग आडवी झाली तर तुम्हीच भरणार. ही बापाच्या जिवावरची हौस आहे. आमच्या आबांनी मला कधी विचारलं नाही, तरी राबलोच ना?

कांदेबाग:
राबलात, खरं आहे. आबा गावाला गेले की तुम्ही बांधावर किती वेळ दिसायचे, ते बी सांगा. बाहेरून ओढणारं काही आलं की आतली ओढ टिकते का, हे डेसीनं 1971 मध्ये तपासलं. विद्यार्थ्यांना कोडी दिली, एका गटाला मध्ये पैसे दिले, मग बंद केले. त्यानंतर मोकळ्या वेळात तो गट कोड्यांकडे पहिल्याइतका वळेना.

सातबारा:
कोडं आणि केळी यात फरक आहे. कोडं सुटलं नाही तर व्यापारी भाव पाडत नाही.

मास्तर (अमळनेर):
शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा 1999 चा अभ्यास बघा. अमेरिकेतली गोरी मुलं स्वतः निवडलेल्या शब्दकोड्यात जास्त रमली. आशियाई वंशाची मुलं मात्र "आईनं निवडलंय" म्हटल्यावर जास्त रमली. आपल्याकडे बापाच्या शब्दासाठी जीव टाकणारी पोरं कमी नाहीत.

कांदेबाग:
मास्तर, स्वायत्तता म्हणजे एकट्यानं ठरवणं नव्हे. आईचं मनापासून पटलं असेल तर तेही आपलंच झालं.

मास्तर:
असं म्हटलं की कोणतंही उदाहरण तुमच्याच बाजूनं जातं. मग तुमचं चुकलं हे कळणार कसं?

धुळ्याची लेक:
तासाभरापासून वाचतेय, सगळे पोराचंच बोलताय. माझ्या माहेरी दोन म्हशी. शेण, चारा, धार, सगळं माय करते. म्हैस कधी विकायची ते आप्पा ठरवतात, डेअरीचे पैसे त्यांच्याच खात्यात. मायला प्रेरणा कुठून मिळते, हे कोणी तपासलंय? भाऊ, वहिनींना किती एकर तोडून दिलंत?

कांदेबाग:
ताई, आत्ता जेवताना विचारलं. म्हणाली, "एकर राहू द्या, दुधाचा हिशोब माझ्याकडे द्या."

सातबारा:
मग? दिला का?

कांदेबाग:
पोरगा "द्या ना आप्पा" म्हणतोय. बघतो म्हटलंय.

धुळ्याची लेक:
😄